अंबादासची कॅसेट

सोलापूरला कशाला गेली होतीस, असं कुणी विचारलं की मी हल्ली 'चादरी आणायला' असं सांगून मोकळी होते. खरं कारण सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या केसांकडे बघतो आणि शेवटी आमच्या ह्यांच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. कराडच्या बँकेत कॅशच्या खिडकीवर बसणारी, केस पिकायला लागलेली बाई रजा टाकून व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी हुडकत गावोगाव हिंडते, हे कुणाच्या पचनी पडणार?

पण हिंडते खरी. टीव्हीला वायर लावून खेळायचे ते डबे तुम्हाला आठवत असतील. दोन रिमोट, पिवळ्या-काळ्या कॅसेटी, आणि गेम अडकला की कॅसेट उपसून तिच्यात फुंकर मारायची. आमच्या पिढीच्या अर्ध्या सुट्ट्या त्या डब्यापुढे गेल्या. ते डबे आता संपत आले. बिघडले तर सुटे भाग नाहीत, भाग मिळाले तर दुरुस्त करणारा नाही, आणि दोन्ही जमलं तर नव्या टीव्हीला ती वायरच लागत नाही. डबा गेला की कॅसेट म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. म्हणून कॅसेट सापडली की मी तिच्यातला खेळ एका लहानशा यंत्रातून लॅपटॉपवर उतरवून घेते. लॅपटॉपवर त्या जुन्या डब्याचं सोंग घेणारा एक प्रोग्राम आहे, त्यात तो खेळ पुन्हा चालतो.

असले उद्योग करणारे लोक देशोदेशी आहेत. पण ते मोठमोठ्या कंपन्यांचे गाजलेले खेळ जपतात. आपल्याकडे गल्लीबोळात कुणी कुणी त्याच खेळांत फेरफार करून आपली चित्रं घातली, त्यांना कुणी वाली नाही. मला वेड आहे ते त्यांचं. आणि इतकी वर्षं हिंडून सांगते, हे वेड कुणी लावून घेऊ नये. जिथे जावं तिथे 'अहो, गेल्याच दिवाळीत भंगारात घातलं' हेच ऐकायचं, वर चहा पिऊन परत यायचं. आमचे हे म्हणतात, तुझा छंद म्हणजे दुखवट्याला जाण्याचा छंद आहे. त्यांचं फारसं चुकत नाही.

करमाळा

करमाळ्यात दत्तूभाऊ नावाच्या माणसाकडे पोतंभर कॅसेटी आहेत असं कळलं होतं, म्हणून आधी तिकडे गेले. बाजार समितीच्या रस्त्यावर त्यांचं मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी कमलाभवानीच्या जत्रेत ते तंबू ठोकून चार टीव्ही मांडायचे आणि पोरांना गेम खेळायला द्यायचे. माणूस गोलमटोल, हसरा. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी झेरॉक्सचं मशीनच बंद केलं.

"डबे आहेत का अजून?" मी विचारलं.

"डबं कुटलं आता ताई? आतली तांब्याची तार काढून इकली. ऱ्हायलेलं पोरांनी फोडलं."

"आणि कॅसेटी?"

"त्या हायेत की! टाकवल्या न्हाईत. माळ्यावर हायेत."

माळ्यावरून पोतं खाली आलं. दत्तूभाऊंनी मोठ्या कौतुकानं ते दुकानातच पालथं केलं आणि त्यातून कॅसेटींच्या आधी एक उंदरीण बाहेर पडली, मागोमाग तिचं सगळं बाळंतपण. दाखले झेरॉक्स करायला आलेले एक गुरुजी दाखल्यांसकट बाकावर चढले. मीही किंचाळले, खोटं कशाला बोलू? दत्तूभाऊंनी मात्र शांतपणे ती गुलाबी पिल्लं पुठ्ठ्यावर घेतली आणि मागच्या बोळात सोडून आले.

मग मी जमिनीवर बसून एकेक कॅसेट पुसायला घेतली. उंदरांच्या मुतानं आतली तांब्याची टोकं हिरवीगार होऊन झडत होती. वास तर असा, की दुकानात गिऱ्हाईक टिकेना. थोड्याच कॅसेटी वाचल्या गेल्या, आणि त्यातही सगळे खेळ बाजारातले, शंभर ठिकाणी मिळणारे. आठवड्याची रजा, एसटीचा प्रवास, आणि हाती काय, तर हाताला न जाणारा वास. माझं तोंड उतरलेलं दत्तूभाऊंनी पाहिलं असावं. त्यांनी चहा मागवला, आणि बशीत ओतता ओतता म्हणाले,

"ह्ये सगळं इकतचं हाय ताई. तुमी सोलापूरची मागाची कॅसेट बघितलीया का?"

"मागाची?"

"व्हय. त्यात गडी मागावरनं मागावर उड्या मारायचा. खाली धोटं पळत असायचं, धोटा लागला की गडी मेला. आन् चादरीवर मोर असतो का न्हाई, तसला मोर टोचायला यायचा. लई भारी. जत्रंत त्या एका टीव्हीम्होरं रांग लागायची आन् बाकीचं तीन टीव्ही वस पडायचं."

"कुणी केली होती?"

"अंबादास म्हणून पोरगा व्हता. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचा. जत्रंच्या वक्ताला यायचा, कॅसेट लावायचा, जत्रा उठली की घिऊन जायचा. एकच व्हती त्याच्यापाशी. दुसरी कर म्हणलं तर म्हणायचा, भाऊ, हिलाच दोन वर्सं लागली."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणारं ते लाकडी साधन, ज्यात दोरा असतो. मागाचा धोटा, चादरीचा मोर. असा खेळ जगात दुसरीकडे कुठे असणार? त्या संध्याकाळी खाणावळीत हुलग्याचं माडगं आणि भाकरी समोर आली, ती मी कशी खाल्ली मला आठवत नाही. आमच्याकडे माडगं आजारी माणसाला देतात, इथे लोक वाट्यावर वाट्या रिचवत होते, एवढंच लक्षात राहिलं.

अक्कलकोट रोड

सोलापूरच्या एमआयडीसीत एखादा कारखाना शोधणं म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या उसात एखादं कांडं शोधण्यासारखं आहे. सगळ्या शेड सारख्या, सगळ्यांवर तोच कापसाचा भुरा. सायकलींची रांग दिसली की कारखाना चालू, आणि कुलपावर कोळ्याचं जाळं दिसलं की बंद, एवढीच खूण. जाळीवाले बरेच निघाले. मी एका फाटकाशी जाऊन 'जुना माणूस कुणी आहे का' असं विचारलं, तर वॉचमननं मला कसली तरी तपासणी करणारी बाई समजून आत वर्दी दिली. आतून मालकाचा मुलगा शर्टाची बटणं लावत धावत आला. त्याची समजूत घालण्यात माझी निम्मी सकाळ गेली. पण एवढं झाल्यावर तोच भला माणूस मला शेजारच्या शेडमध्ये सिद्रामप्पांकडे घेऊन गेला.

सिद्रामप्पा माग बिघडले की दुरुस्त करतात. मागांच्या आवाजात बोलणं शक्यच नाही. तिथली माणसं एकमेकांशी हातांनी बोलतात, आणि बाहेर आल्यावरही सवयीनं ओरडून बोलतात. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो होतो तरी सिद्रामप्पा मला रस्त्यापलीकडच्या माणसाला सांगावं तसं सांगत होते.

"अंबादास? गेला की ओ! लई वर्सं झाली. कावीळ झाली, अंगावर काढली, गेला. तिशी बी पुरी न्हवती."

मला खरं तर याची कल्पना असायला हवी होती. तरी वाईट वाटलंच.

"कॅसेट त्यानं बनवली कशी पण?"

"त्याला काय अवघड ओ? नक्षीवाला न्हवं का त्यो." त्यांनी टपरीवाल्याच्या फळीवर बोटानं चौकटी आखल्या. "चादरीची नक्षी काढायची म्हणजे बारीक चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं. ह्यो दोरा लाल, ह्यो पांढरा. टीव्हीवरचं चित्र बी तसंच म्हणायचा. घरं मोजायची नि भरायची. कुटं तरी तंत्रशाळेत दोस्त व्हता त्याचा, त्याच्याकडं जाऊन चिपेत भरून आणायचा."

"ते कागद आहेत कुणाकडे?"

"कागद!" सिद्रामप्पा हसले. "आता नक्षी कंप्युटरवर येती. जुनं कागद रद्दीत गेलं समदं. भज्याच्या गाडीवर बघितलं मी अंबादासच्या मोरावर भजी देताना."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. मी कॅसेटचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भइन हाय त्याची, भवानी पेठेत. रेणुकाक्का. विड्या वळती. कॅसेट तिच्यापाशी हाय. देवावानी सांभाळलीया."

'देवावानी' हा शब्द ऐकून मला केवढा हुरूप आला म्हणून सांगू. माळ्यावरच्या पोत्यापेक्षा देव्हारा केव्हाही बरा. दुपारी मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपेट खाल्ली. आमच्याकडची भाकरी तव्यावरून पानात आली की खायची, शिळी झाली तर गाईला. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी मोडून खायची आणि ती महिनाभर टिकते. टिकवण्याची कला या गावाला येते असं मला त्या दुपारी वाटलं.

भवानी पेठ

रेणुकाक्कांचं घर दोन खोल्यांचं. दारात रांगोळी, आत भिंतीला लागून विडीच्या पानांचे गठ्ठे, आणि सगळ्या घराला तंबाखूचा वास. अक्का मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, कपाळावर मोठं कुंकू. पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, की विडी तयार. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही हाताकडे बघितलं नाही.

मी कॅसेटचं नाव काढलं आणि ते हात थांबले.

"अन्नाची कॅसेट?" तेलुगू घरात थोरल्या भावाला अन्ना म्हणतात. "ती बघायला कराडहून आलाव? अय्यो! बसा की. आधी जेवा."

नको म्हणून चाललं नाही. चिंचेचा भात पुढे आला, वर तळलेले शेंगदाणे. मी जेवत असताना त्या बोलत होत्या.

"अन्नानं मला खेळायला शिकिवलं हो. पण मला उड्या जमत नव्हत्या. तिसऱ्या पटाच्या फुडं मी कधीच गेले न्हाई. पडायचे. मग त्यो हसायचा. म्हणायचा, रेणू, शेवटच्या दारात तुला उभी केलीय. बघायचीय का? मंग सोता ये तितपर्यंत. मी लई मागं लागले, दाखव की, दाखव की. दाखिवलं न्हाई. म्हणला, फुकट न्हाई दाखवणार." त्या हसल्या. "मंग त्यो आजारी पडला. मंग त्यो डबा बी मेला. दुरुस्तीला दिला तर दुकानवाला म्हणला, ह्येचं काय मिळत न्हाई आता."

"म्हणजे तुम्ही ते चित्र बघितलंच नाही?"

"कुटं बघितलं? आन् ताई, त्या वयाचा माझा एक फोटो न्हाई. लग्नातला हाय, त्यात मी रडतीया. अन्नानं मला कशी काढली ते बघायचंय मला. एकदा. मंग तुमी कॅसेट न्या, न्यायची तर."

मी म्हटलं, अक्का, न्यायची नाही, इथेच उतरवून घेऊ, आणि तुमचं चित्र मी मोठं छापून तुम्हाला पाठवीन, चौकटीत घालून. हे बोलताना मला इतका आनंद झाला होता की मी जवळजवळ वचनच दिलं. असं बोलून जायला नको होतं.

देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून अक्कांनी पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट आणली. बरोबर एक स्क्रू-ड्रायव्हरही आणला. वरच्या झाकणावर हळदीकुंकवाचे वर्षानुवर्षांचे ठिपके होते.

"खंडेनवमीला आमी आमची हत्यारं पुजतो न्हवं का," त्या म्हणाल्या. "माझी कातर, पान कापायचा पत्रा, सूप. संगट अन्नाचं हत्यार म्हणून ही. नुस्तं वरनं न्हाई हां. उघडते, कापसानं धूळ पुसते, झाकणाला हळदकुंकू लावते, आन् दिवसभर गच्चीवर ऊन दाखवते. ओल धरू नाही म्हणून. वर्साची मिरची, चिंच, गाद्या, समद्याला ऊन दावतो की आपण."

आमच्याकडे खंडेनवमीला ह्यांच्या स्कूटरला झेंडूचा हार घातला की संपलं. अक्कांची निष्ठा पाहून मला लाज वाटायची ती वाटलीच, पण त्यांचं एक वाक्य खटकलं.

"उघडून ऊन दाखवता?" मी विचारलं.

"मंग? झाकण लावलं तर ऊन आत कसं जाईल?"

त्यांनी सराईतपणे स्क्रू काढले. आत एवढी स्वच्छ कॅसेट मी आजवर पाहिलेली नाही. तांब्याची टोकं नव्या भांड्यासारखी चकचकीत. हिरव्या पट्टीवर दोन चिपा होत्या. एक काळी, मूळ खेळाची. दुसरी अंबादासनं लावलेली, चित्रांची. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती आणि ती खिडकी उघडी होती.

"हितं काळी चिकटपट्टी व्हती," अक्का म्हणाल्या. "डिंक पाघळला आन् मुंग्या लागल्या, म्हणून मी काढली. लई वर्सं झाली. आत बघा की कसलं छान भिंग हाय."

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल. घरच्या घरी जिच्यात खेळ भरता येतो, त्या चिपेला ती खिडकी असते. जुनं पुसून नवं भरायचं असलं की त्या खिडकीतून एका खास दिव्याचा उजेड आत सोडतात. त्या दिव्यात जे किरण असतात, ते उन्हातही असतात. म्हणून चिप भरून झाली की खिडकीवर काळी पट्टी चिकटवतात, आणि ती कधीही काढायची नसते. एखाद्या तासाच्या उन्हानं काही होत नाही. पण दरवर्षी सोलापूरच्या गच्चीवर, नवरात्रातल्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात दिवसदिवस ठेवली तर हळूहळू सगळं पुसलं जातं. चिप दिसायला तशीच राहते, लखलखीत. आत काही उरत नाही.

अक्का माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी यंत्र बाहेर काढलं आणि कॅसेट जोडली. पुसायचं थोडं राहिलं असेल, एखादा मोर, एखादा धोटा, असं मनाशी म्हणत होते. मी काही देवभोळी बाई नाही, पण त्या देव्हाऱ्याकडे बघून मी हात जोडले हे खरं आहे.

काळी चिप पूर्ण वाचली गेली. दुसरी चिपही वाचली गेली, आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत कोरी निघाली. मी टोकं पुसून पुन्हा वाचली, आणि पुन्हा वाचली.

"लागलं का?" अक्कांनी विचारलं.

"लागलं," मी म्हटलं.

"मंग लावा की."

लावला. आणि खेळ सुरू झाला, कारण खेळ चालवणारी चिप शाबूत होती. संगीत वाजायला लागलं, तीच टुणटुण. अक्कांनी दोन्ही हात गालांना लावले. "ह्योच! ह्योच आवाज!" पण पडद्यावर चित्र नव्हतं. चित्रांच्या जागी नुसते भरीव रंगाचे चौकोन. आकाश एक सपाट रंग, जमीन एक सपाट रंग, आणि मधोमध एक लाल चौकोन. तो गडी.

"चित्रं उमटली नाहीत, अक्का," मी म्हटलं. "नुसते रंग आलेत. बंद करू का?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला सारून लॅपटॉपपुढे बसल्या. "मी खेळते."

तिथून उठून पळून जावं असं मला वाटत होतं. पण मी बसले. लॅपटॉपवर एक सोय आहे, खेळातलं मरण बंद करता येतं. ते मी केलं. खाली जो मूळ खेळ होता तो माझा लहानपणचा तोंडपाठ, खड्डे कुठे आणि भिंती कुठे हे डोळे मिटून सांगता आलं असतं. तेव्हा मी शेजारी बसून 'आता उडी', 'थांबा', 'आता' असं सांगत होते आणि अक्का विड्या वळणाऱ्या बोटांनी बटणं दाबत होत्या. लाल चौकोन उडत होता. आणि अक्का मला सांगत होत्या,

"हितं माग. दोन माग एकापुढं एक. हितनं धोटा येतो बघा, डावीकडनं. ह्यो मोर. निळा न्हाई, हिरवा मोर, मान वाकडी. हितं कारखान्याचं फाटक. फाटकात मुकादम, पोट सुटलेला. अन्नाला लई तरास द्यायचा."

मला सपाट रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. पण त्या सांगत होत्या ते मी मनात साठवून घेत होते, आणि माझं मलाच कळत होतं की याला जपणं म्हणत नाहीत. ऐकीव मोर कॅसेटमध्ये परत घालता येत नाही.

तिसरा पट संपला आणि अक्का गप्प झाल्या. इथून पुढे त्या कधी आल्याच नव्हत्या. इथून पुढे अंबादासनं काय काय काढलं होतं हे सांगणारं त्या घरात कुणी नव्हतं. मला फक्त खड्डे ठाऊक होते. 'उडी,' मी म्हणत होते. 'उडी, अक्का.' त्या पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या होत्या. दारात शेजारीण येऊन काही तेलुगूत विचारून गेली, त्यांनी मान वर केली नाही.

शेवटचा पट आला. शेवटचं दार कुठे आहे ते मला माहीत होतं. लाल चौकोन चालत चालत तिथे गेला, संगीत बदललं, आणि समोर एक चौकोन उभा होता. उभट, हिरवा.

अक्कांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही मी?"

"हो. इथेच काढलं होतं त्यांनी तुम्हाला."

"हिरवी साडी व्हती माझी," त्या म्हणाल्या. "अन्नानंच घेतली व्हती, पयल्या पगारात. म्हणून हिरवी काढली."

मूळ खेळातही शेवटच्या दारातली बाई हिरवीच असते. रंग त्या काळ्या चिपेत असतात, त्यांना अंबादासनं हात लावलेला नव्हता. मी हे बोलले नाही.

मग त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "चेहरा का न्हाई उमटला, ताई? काय झालं कॅसेटला?"

आयुष्यभर मी नोटा मोजून समोरच्याला खरा आकडा सांगत आले. त्या घरात मला तो सांगवेना. कसं सांगू, की माळ्यावर उंदरांत टाकून दिली असती तरी कदाचित चित्रं राहिली असती? की तुमच्या हातानंच? त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं. मी म्हटलं, "जुनी झाली, अक्का. या चिपांचं वय असतं. आपोआप जातात."

"व्हय," त्या म्हणाल्या. "माणसं बी जातात की." त्यांनी पडद्यावरच्या हिरव्या चौकोनावर पदरानं हलकेच धूळ पुसल्यासारखं केलं. मग कॅसेट उचलून काळजीपूर्वक टॉवेलात गुंडाळली.

"बरं तरी मी दर वर्सी ऊन दावत आले," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ह्यो रंग बी ऱ्हायला नसता."

मी हो म्हटलं.